११, ३१, ३५ की १४? एका महसूल मंडळातला पावसाचा खंड कोडने मोजताना

सोमवार, ४ सप्टेंबर २०२३. मामांचा फोन आला. मराठवाड्यातलं गाव, सोयाबीनचं रान, शेंगा भरायच्या वेळेलाच पावसानं दडी मारलेली. मामा म्हणाले, "पोरी, सगळे म्हणायलेत २१ दिवसाच्या वर खंड पडला की विम्याचे आगाऊ पैसे भेटतात. आपल्या मंडळाचा खंड किती दिवसाचा झाला ते कॉम्प्युटरवर काढून दे." मला वाटलं पाच मिनिटांचं काम आहे, सलग कोरडे दिवस तर मोजायचेत. ते काम शनिवारपर्यंत चाललं आणि त्या पाच दिवसांत एकाच डेटातून माझ्याकडे सहा वेगवेगळी उत्तरं आली. सगळं सविस्तर लिहून ठेवते, कारण सलग सारख्या किमती शोधायचं काम सगळ्यांनाच कधी ना कधी पडतं, मग ते पावसाचं असो, मीटर रीडिंगचं असो नाहीतर हजेरीचं.

आधी परिस्थिती थोडक्यात. त्या वर्षीचा ऑगस्ट देशभरात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला, सरासरीपेक्षा ३६ टक्के पाऊस कमी. महाराष्ट्रात त्याच खरिपापासून एक रुपयात पीक विमा सुरू झालेला, त्यामुळे अर्ज भरपूर होते. हंगामातली प्रतिकूल परिस्थिती म्हणून तेव्हा जी तरतूद होती त्यात अपेक्षित उत्पादन उंबरठा उत्पादनाच्या (विम्यासाठी आधीच ठरवलेल्या उत्पादनाच्या) निम्म्याहून खाली जाईल असं दिसलं तर भरपाईच्या २५ टक्क्यांपर्यंत रक्कम आगाऊ देता येत होती, आणि सगळ्या गावांमध्ये चर्चा होती ती २१ दिवसांच्या खंडाची. हिशोब शेतकऱ्यावार नसतो, मंडळावार असतो (महसूल मंडळ म्हणजे काही गावांचा गट). म्हणजे मामांच्या रानात काय झालं यापेक्षा मंडळातल्या पर्जन्यमापकाने काय नोंदवलं त्याला महत्त्व.

डेटा मिळाला तो असा: तालुक्यातली सात मंडळं, १ जून ते ४ सप्टेंबर, रोजचा पाऊस मिलिमीटरमध्ये, दर महिन्याची वेगळी फाईल. सोबत तासातासाचं तापमान आणि आर्द्रता पण होती, जी मी सुरुवातीला उघडून पण बघितली नाही. पुढे सगळं प्रकरण तिथेच फिरलं.

पहिला प्रयत्न मी केला तो सरळ लूप लावून. पाऊस ० असेल तर काउंटर एकने वाढव, नसेल तर आतापर्यंतचा आकडा लिहून ठेव आणि काउंटर परत शून्य कर. मामांच्या मंडळाचं उत्तर आलं ११. ऑगस्टच्या फाईलमध्ये सगळ्यात लांब सलग शून्यं २१ ते ३१ ऑगस्ट, बस. मी फोन करून सांगितलं ११ दिवस, आणि मामा एकदम गप्प झाले. मग हळूच म्हणाले, "जुलै संपायच्या आधीपासून थेंब न्हाई गं."

त्या एका वाक्याने मी परत फाईल उघडली, आणि बरं झालं उघडली. पहिली गोष्ट, माझा लूप प्रत्येक महिन्याची फाईल वेगळी वाचत होता, त्यामुळे ३१ जुलै आणि १ ऑगस्टच्या मध्ये भिंत उभी राहिली होती. पावसाला महिना माहीत नसतो. फाईली एकाखाली एक जोडल्यावर २९ जुलै ते ८ ऑगस्ट हा ११ दिवसांचा तुकडा दिसायला लागला, जो आधी ३ आणि ८ असा तुटला होता, आणि ऑगस्ट अखेरचा तुकडा १ सप्टेंबर धरून १२ झाला. फाईली जोडून लूप नव्याने लिहिताना मी अजून एक चूक केली, ती फार जणांची होते. डेटा संपतो तेव्हा चालू असलेला तुकडा लिहूनच घेतला जात नाही, कारण लिहायचं काम 'शून्य नसलेली किंमत आली की' असं सांगितलेलं असतं आणि शेवटच्या ओळीनंतर तशी किंमत येतच नाही. ज्या मंडळात अजून पाऊस आलेलाच नव्हता त्याचा खंड माझ्या यादीत नव्हताच! म्हणजे सगळ्यात जास्त ज्यांचं नुकसान चाललंय नेमके तेच गायब. लूप संपल्यावर हातातला तुकडा नोंदवायची एक ओळ लागते, ती विसरू नका.

मग मी लूप सोडून पांडाजमध्ये (पायथन भाषेतलं तक्त्यांवर काम करायचं साधन) आले. इथे एक सापळा आहे. पांडाजचं ग्रुपबाय सारख्या किमती कुठेही असल्या तरी एकत्र करतं, म्हणजे जूनमधली शून्यं आणि ऑगस्टमधली शून्यं एकाच पिशवीत जातात, त्यातून एकूण कोरडे दिवस कळतात, सलग कोरडे दिवस कळत नाहीत. याउलट पायथनच्या इटरटूल्समधलं त्याच नावाचं ग्रुपबाय फक्त शेजारच्या सारख्या किमती एकत्र करतं. नाव एक, वागणं वेगळं. पांडाजमध्ये सलगपणा आणायला स्वतः गट नंबर तयार करावा लागतो, त्याची युक्ती तीन ओळींची आहे, मी मराठीतच लिहिते:

कोरडा = पाऊस २.५ पेक्षा कमी आहे का
बदल = कोरडा ही किंमत आदल्या ओळीपेक्षा वेगळी आहे का
गट = बदल या कॉलमची चालती बेरीज

आदली ओळ शिफ्ट या फंक्शनने मिळते, चालती बेरीज कमसम या फंक्शनने. बदल झाला की १ मिळतो, नाही झाला की ०, त्यामुळे बेरीज फक्त बदलाच्या जागी एकने चढते आणि मधल्या सगळ्या ओळींना एकच नंबर लागतो. मग त्या नंबरावर ग्रुपबाय करून पहिली तारीख, शेवटची तारीख आणि दिवसांची मोजणी काढायची. मला ही युक्ती मनापासून आवडते, कारण यात कुठेही 'आता चालू तुकडा कुठला' हे लक्षात ठेवावं लागत नाही आणि शेवटचा तुकडा हरवायचा प्रश्नच येत नाही. आर ही आकडेवारीची भाषा वापरणाऱ्यांना तर आरएलई नावाचं तयार फंक्शनच आहे, किंमत आणि लांबी दोन्ही हातात देतं.

वरच्या पहिल्या ओळीत २.५ आलंय ते कुठून, हे सांगायला हवं. भारतीय हवामान विभाग ज्या दिवशी २.५ मिलिमीटर किंवा जास्त पाऊस होतो त्यालाच पावसाचा दिवस धरतो. माझ्या आधीच्या कोडमध्ये 'बरोबर शून्य' अशी अट होती, आणि फाईलमध्ये ९ ऑगस्टला ०.५, २० ऑगस्टला १.० अशा नोंदी होत्या. ०.५ मिलिमीटरने माती पण ओली होत नाही, उन्हाने तासाभरात उडून जातं, पण कोडच्या दृष्टीने खंड तिथे मोडला. सारखी किंमत म्हणजे काय हे मी ठरवलंच नव्हतं, संगणकाने त्याच्या पद्धतीने ठरवून टाकलं. २.५ ची अट लावल्यावर उत्तर आलं ३१. शेवटचा खरा पाऊस २८ जुलैचा ११.४ मिलिमीटर, पुढचा २ सप्टेंबरचा १४.२, मधलं सगळं कोरडं.

मामांना फोन करायला हात शिवशिवत होते, पण मनात काहीतरी खटकत होतं. २९ जुलै ते १ सप्टेंबर बोटांवर मोजले तर जुलैचे ३, ऑगस्टचे ३१, सप्टेंबरचा १, झाले ३५. कोड म्हणतंय ३१. मग चार दिवस गेले कुठे? कोड ओळी मोजत होतं, दिवस नाही. १२ ते १५ ऑगस्ट या चार तारखांच्या ओळीच फाईलमध्ये नव्हत्या, रिकाम्या पण नाही, सरळ गायब. ११ तारखेच्या खाली १६ तारीख, आणि कोडला त्या शेजारी वाटल्या. शेजारची ओळ आणि शेजारचा दिवस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला तेव्हा कळलं, म्हणजे माहीत होतं पण कळलं तेव्हा.

याच चुकीचं आणखी एक रूप त्याच दिवशी सापडलं. सातही मंडळं एकाखाली एक होती आणि मी मंडळाप्रमाणे वेगळं न करताच शिफ्ट लावलं होतं. एका मंडळात २५ ऑगस्ट ते ४ सप्टेंबर कोरडं, त्याच्या खालच्या मंडळात १ ते १७ जून कोरडं (त्या वर्षी मान्सून केरळातच ८ जूनला आला, आपल्याकडे त्याहून उशिरा), दोन्ही चिकटून २८ दिवसांचा एक खंड तयार झाला जो ऑगस्टमध्ये सुरू होऊन जूनमध्ये संपत होता! हा पकडता आला कारण शेवटची तारीख पहिल्या तारखेच्या आधीची होती. पण जर दुसरं मंडळ त्याच तारखांचं असतं तर पकडला गेला नसता. तेव्हापासून प्रत्येक तुकड्यावर एक तपासणी ठेवते: शेवटची तारीख वजा पहिली तारीख अधिक एक, हे ओळींच्या संख्येएवढं आलंच पाहिजे. नाही आलं तर आत भोक आहे किंवा दोन वेगळ्या गोष्टी चिकटल्यात. ही एक तपासणी केली असती तर माझे दोन दिवस वाचले असते.

भोकं बुजवायला मी पूर्ण कॅलेंडर बनवून फाईल त्यावर बसवली, गायब तारखा रिकाम्या किमतीने आल्या. आणि इथेच सगळ्यात वाईट प्रकार घडला, वाईट म्हणजे आवाज न करता होणारा. पांडाजमध्ये रिकामी किंमत २.५ पेक्षा कमी आहे का विचारलं तर उत्तर येतं 'नाही'. म्हणजे माहिती नसलेला दिवस गुपचूप पावसाचा दिवस झाला. बरं मी उलटा प्रश्न विचारला असता, २.५ किंवा जास्त आहे का, आणि त्याचं उलट करून कोरडा धरलं असतं, तर तेच दिवस कोरडे झाले असते. एकच डेटा, एकच अट, फक्त वाक्य उलटं लिहिलं की उत्तर १७ किंवा ३५. काही डेटात रिकाम्या जागी -९९९ लिहिलेलं असतं, हवामान विभागाच्या ग्रिड डेटात तसंच आहे, ते तर २.५ पेक्षा कमीच, म्हणजे सरळ कोरडा दिवस. मी शेवटी खरं-खोटं सोडून तीन अवस्था केल्या: ओला, कोरडा, माहीत नाही. तीन शब्दांचा कॉलम, त्यावर तीच बदल आणि चालती बेरजेची युक्ती, आणि माहीत नाही हा पण स्वतःचा तुकडा म्हणून दिसतो. (शब्दच वापरा, रिकामी किंमत रिकाम्या किमतीएवढी पण धरली जात नाही, त्यामुळे सलग चार रिकाम्या ओळींचे चार वेगळे तुकडे पडतात.)

ज्यांचा डेटा एसक्यूएलमध्ये (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) आहे त्यांच्यासाठी एक वेगळी वाट आहे, ती मी पडताळणीला वापरली. फक्त कोरड्या दिवसांच्या ओळी घ्यायच्या, तारखेप्रमाणे त्यांना १, २, ३ असा क्रमांक द्यायचा, आणि तारखेतून तो क्रमांक वजा करायचा. समजायला सोपं म्हणून क्रमांक २९ जुलैपासून सुरू करू: २९ जुलैचा क्रमांक १, वजा केला की २८ जुलै. ३० जुलैचा २, परत २८ जुलै. ११ ऑगस्टचा १४ वा, तरी २८ जुलै. पण पुढची ओळ १६ ऑगस्टची आहे, क्रमांक १५, उत्तर येतं १ ऑगस्ट. सलग तारखांना एकच उत्तर, भोक आलं की उत्तर बदलतं, त्यामुळे त्या उत्तरावरच ग्रुप करायचं. यात गायब ओळी आपोआप पकडल्या जातात, कॅलेंडर बनवायची गरज नाही. दोन्ही वाटांनी आकडे जुळले: २९ जुलै ते ११ ऑगस्ट १४ दिवस, मग चार दिवस माहीत नाही, मग १६ ऑगस्ट ते १ सप्टेंबर १७ दिवस.

आता खरा प्रश्न. ते मधले चार दिवस यंत्र बंद का पडलं होतं, आणि एकदा बंद पडलेलं यंत्र बाकीच्या दिवशी तरी खरं बोलतंय का? पर्जन्यमापकाचा शून्य हा फार फसवा आकडा आहे. पाऊस नाही म्हणूनही शून्य, फनेलमध्ये पालापाचोळा किंवा पक्ष्याची घाण अडकली म्हणूनही शून्य, आणि यंत्र मेलं म्हणूनही शून्य. सलग शून्यांचा तुकडा शोधणारं कोड या तिघांत फरक करू शकत नाही. म्हणून मी ती न उघडलेली तासाची फाईल उघडली, आणि तेच कोड, अक्षरशः तेच, आर्द्रतेच्या कॉलमवर चालवलं.

पावसात शून्य परत परत येणं साहजिक आहे, पण आर्द्रता तशी थांबत नाही, कोरड्या ऑगस्टात दुपारी खाली उतरते, पहाटे वर चढते. तासामागून तास एकच आकडा येत राहिला तर ते हवामान नाही, अडकलेलं सेन्सर आहे. मर्यादा आधी ६ तासांची ठेवली तर खूप खोटे इशारे आले, कारण पावसाळी रात्री आर्द्रता शंभरीला टेकून तासनतास तिथेच राहते आणि ते खरंच असतं. मग मर्यादा १२ तास केली आणि ९८ च्या वरचे आकडे वगळले. जूनपासूनच्या सगळ्या नोंदींत एकच तुकडा उरला: २१ ते २६ ऑगस्ट, ८७ टक्के, सलग १४४ नोंदी. तापमान पण त्या १४४ तासांत २६.४ वरून हललं नव्हतं, दुपारी दोनला २६.४ आणि पहाटे चारला पण २६.४. यंत्र सहा दिवस मेलेलं होतं आणि शेवटची किंमत पुढे पुढे लिहिली जात होती, आणि पावसाच्या कॉलममध्ये त्याच सहा दिवसांची शून्यं होती.

माझं पहिलं उत्तर आठवतंय का, ११ दिवस, २१ ते ३१ ऑगस्ट? त्यातले पहिले सहा दिवस हेच.

हे कळल्यावर मी बराच वेळ नुसती बसून राहिले. ३५ हा आकडा हातात होता, मामांना हवा तसा, आणि बहुतेक खरा पण असावा, कारण त्या ऑगस्टात पाऊस नव्हताच. पण माझ्याकडे असलेल्या डेटातून तो सिद्ध होत नव्हता. खात्रीचे दिवस तेवढेच धरले तर तुकडे असे पडतात: १४ दिवस, मग ४ माहीत नाही, मग १६ ते २० ऑगस्ट ५ दिवस, मग ६ माहीत नाही, मग २७ ऑगस्ट ते १ सप्टेंबर ६ दिवस. सगळ्यात लांब खात्रीचा खंड १४. कमीत कमी १४, जास्तीत जास्त ३५, आणि मर्यादा २१, नेमकी या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी. ज्या आकड्यावर कुणाच्या घरचा सणवार ठरणार आहे तो आकडा मला मन मारून सांगायचा नव्हता आणि फुगवून तर अजिबात नाही.

म्हणून शेजारच्या तीन मंडळांकडे वळले, आधी त्यांच्या आर्द्रतेवर तीच १२ तासांची तपासणी लावून, तिन्ही यंत्रं त्या काळात जिवंत होती. १२ ते १५ ऑगस्ट तिन्ही ठिकाणी २.५ च्या खाली, जास्तीत जास्त ०.५. म्हणजे ते चार दिवस आपल्याकडे पण कोरडे होते असं म्हणायला चांगला आधार आहे, आणि ते भरल्यावर २९ जुलै ते २० ऑगस्ट असे सलग २३ दिवस होतात. २१ ते २६ ऑगस्टचं मात्र तसं नाही. दोन मंडळं कोरडी, पण तिसऱ्यात २३ ऑगस्टला ६.० मिलिमीटर. ऑगस्टचा पाऊस बांधाच्या अलीकडे पडतो आणि पलीकडे नाही हे शेती करणाऱ्या कुणालाही माहीत आहे, त्यामुळे तो ६ मिलिमीटर आपल्या मंडळात पडला की नाही हे मी कोडने सांगू शकत नव्हते. ते सहा दिवस मी भरले नाहीत.

शनिवारी मामांना जो तक्ता पाठवला त्यात एक आकडा नव्हता, तीन होते. फक्त यंत्राच्या खात्रीच्या नोंदी: १४. शेजारच्या तीन मंडळांच्या आधाराने: २३. सगळे संशयाचे दिवस कोरडे धरले तर: ३५. प्रत्येक तारखेसमोर अवस्था आणि ती का ठरवली ते एका ओळीत. खाली लिहिलं की माझ्या मते अर्जासोबत २३ चा आकडा पुराव्यासकट द्यावा आणि ३५ चा दावा करू नये. आणखी एक टीप टाकली, अधिसूचनेत '२१ दिवस किंवा जास्त' आहे की '२१ दिवसांपेक्षा जास्त' ते आपल्या जिल्ह्याच्या कागदावर शब्दशः वाचून घ्या. आपल्याला २३ मध्ये फरक पडत नाही, पण यादीतल्या एका मंडळाचा खंड बरोबर २१ आला होता, त्यांचं सगळं त्या एका चिन्हावर अवलंबून.

मामांनी तक्ता वाचून दोन गोष्टी विचारल्या. पहिली, "पाऊस एक तारखेला सांजच्याला आला, तू दोन का लिहिलीस?" बरोबर होतं त्यांचं. पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ असा मोजतात आणि नोंद दुसऱ्या दिवसाच्या तारखेला होते, त्यामुळे १ सप्टेंबरच्या संध्याकाळचा पाऊस २ तारखेचा म्हणून दिसतो. खंडाची लांबी त्याने बदलत नाही कारण दोन्ही टोकं सारखीच सरकतात, पण तासाची फाईल रोजच्या फाईलशी जोडताना हे साडेआठचं गणित सांभाळावं लागतं नाहीतर मेलेल्या यंत्राचे दिवस एकाने चुकतात. मी ते सांभाळलं होतं, पण तक्त्यात लिहिलं नव्हतं. मग लिहिलं.

दुसरी गोष्ट त्यांनी विचारली ती सहा दिवसांची. "एकवीस ते सव्वीस माहीत न्हाई म्हणजे? मला इचार की." त्यांची एक वही आहे, मजुरी, फवारणी आणि बोअर किती तास चालवला ते रोज लिहितात. त्यांनी पान उघडून फोटो पाठवला. २२ ऑगस्ट, तुषार संच ४ तास. २३ ला लाईट नाही. २४, तुषार संच ५ तास. २५ ला परत ४. पाऊस पडला असता तर दुसऱ्या दिवशी कुणी पाच तास बोअर चालवला नसता. हा मंडळाच्या यंत्राचा पुरावा नाही, एका रानाचा आहे, त्यामुळे मी आकडे बदलले नाहीत. तक्त्यात एक कॉलम वाढवला, नाव दिलं 'वहीतली नोंद', आणि त्या सहा तारखांसमोर मामांनी लिहिलंय तसंच उतरवून काढलं.